पाखरे कोणाची, पाणी कोणाचे आणि पैसा कोणाचा?

(निमोणे, ता. शिरूर, जि. पुणे येथील शेतकरी बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जण गालातल्या गालात हसले, ते आम्ही पाहिले. हसू येणारच. ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर चढतो, हातात गोफण घेतो आणि दिवस उगवल्यापासून पाखरे हाकलतो. भोरड्यांचा थवा एकदा का फडात उतरला की अर्धे कणीस गेलेच समजा. या भोरड्या मध्य आशियातून, हजारो मैलांवरून उडत येतात आणि हिवाळाभर आपल्या ज्वारीवर जगतात. त्यांनी खाल्लेल्या कणसांचा पंचनामा झालेला आम्ही तरी कधी पाहिला नाही. आणि आज आम्ही तुम्हाला सांगायला उभे आहोत की पाखरे बघायला लोक मोटारी घेऊन येतात, पैसे देतात आणि वर आभार मानून जातात! तर या पैशाचे काय करायचे, तो कोणाच्या हातात पडतो आणि कोणाच्या हातून निसटतो, एवढाच आजचा विषय आहे.

विषय आत्ताच का काढला, तेही सांगतो. गेली काही वर्षे ‘पर्यावरणपूरक पर्यटन’ हा शब्द सरकारी कागदांत फार दिसू लागला आहे. कोकणातल्या खाड्यांवर त्याची कामे झाली, उजनीवर जलपर्यटनाची योजना पुढे आली आहे. आपल्या चिंचणीच्या घोड धरणाचा फुगवटा इथून हाकेच्या अंतरावर. पाणी उतरले की तिथेही बगळे, पाणकावळे, बदके जमतात. आज ना उद्या कोणीतरी नकाशा घेऊन येणार, हे उघड आहे. नकाशा आल्यावर बैठक घ्यायची की त्याआधी, एवढाच प्रश्न होता. आम्ही म्हटले, आधीच घेऊ.

आम्ही चौघे-पाच जण भिगवणला जाऊन आलो. दौंडच्या पुढे कुंभारगाव, डिकसळ या अंगाला उजनीचे पाणी पसरलेले आहे. डिसेंबरपासून ते उतरू लागते, कडेचा गाळ उघडा पडतो आणि गुडघाभर पाण्यात रोहित पक्षी येऊन उभे राहतात. शहरातले लोक त्यांना फ्लेमिंगो म्हणतात, कोणी अग्निपंख म्हणतात. लांब पायांचा, वाकड्या चोचीचा हा पक्षी मान उलटी करून चिखलपाण्यातले शेवाळ आणि बारीक किडे गाळून खातो. पंखांचा गुलाबी रंगही त्याला त्या खाण्यातूनच मिळतो. त्याच्याबरोबर हिमालय ओलांडून येणारी पट्टकादंब हंस, करकोचे आणि नाना जातींची बदके असतात. मासेमारी करणाऱ्या घरांतली मुले नाव चालवतात, पाखरांची मराठी-इंग्रजी नावे सांगतात, दुपारी त्यांच्याच घरी मासळीचे जेवण होते. कॉलेजचे तोंड न पाहिलेला पोरगा दुर्बीण हातात घेऊन डॉक्टर-इंजिनिअरांना पाखरू ओळखायला शिकवतो, हे पाहून आम्हाला फार बरे वाटले. त्याच्या ज्ञानाला कोणीतरी दाम मोजला. आपल्या ज्ञानाला तो कोण मोजतो?

पण नावेत बसल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. ज्या पाण्यावर आम्ही तरंगत होतो, त्याखाली शेते आहेत. भीमाकाठच्या काळ्या जमिनी १९८० च्या सुमारास या धरणात गेल्या. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले. दुष्काळात पाणी फार खाली गेले की ते उघडे पडते आणि ते बघायलाही गर्दी लोटते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, तेव्हा तेच झाले. ज्यांच्या आज्याने त्या देवळात नारळ फोडला, तो काठावर उभा राहून पाहुण्यांच्या गाड्या मोजत होता. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, या धंद्याचा हिशेब मांडताना पहिली ओळ बुडालेल्या जमिनीची लिहा. त्या पाण्यावरचा पहिला हक्क ज्याने जमीन दिली त्याचा आणि ज्याने जाळे टाकून पोट भरले त्याचा. मुंबई-पुण्याच्या कंपनीने निविदा भरून मिळवायचा तो हक्क नव्हे.

आता कोकणात काय झाले ते पाहू, कारण या कामाचा अनुभव तिथे आपल्यापेक्षा जास्त आहे. खाडी म्हणजे नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे एकमेकांत मिसळते ती जागा. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. काठाला कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलात मुळे रोवून उभी असलेली झाडी. माशांची, कोळंबीची पिल्ले त्याच मुळांत वाढतात. कांदळ तोडला की दोन-चार वर्षांत जाळ्यात मासळी कमी येते, हे तिथल्या कोळ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. मासळीच्या धंद्यातल्या बाया. त्यांनी वल्ही हातात घेतली, झाडांच्या जाती शिकून घेतल्या आणि त्याच पाहुण्यांना खाडीत फिरवू लागल्या. नाव वल्ह्याची असल्यामुळे डिझेलचा खर्च नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही आणि पाखरू बिचकत नाही. शिवाय जितक्या बाया वल्हवू शकतात तितक्याच नावा निघणार, म्हणजे गर्दीला आपोआप बांध बसला. आम्हाला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ, वेळास नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी अंडी खणून विकली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून तिथे अंड्यांची राखण सुरू केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरात उतरतात, ओसरीवर झोपतात आणि घरात जे शिजेल ते खातात. ज्या गावात अंडे विकून चार पैसे मिळत, तिथे अंडे राखून त्याहून जास्त मिळू लागले. कायद्याच्या धाकापेक्षा हा हिशेब लोकांना लवकर पटला, यात आम्हाला नवल वाटत नाही. शेतकरी भावाकडे बघून पीक बदलतो, तसाच हा प्रकार.

ठाण्याच्या खाडीची गोष्ट वेगळी. तिथे १९९० नंतर रोहित पक्षी हजारोंनी येऊ लागले. २०१५ मध्ये खाडीचा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगाच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, त्याचे नाव लागले. ऐरोलीहून वनखात्याच्या नावा भरती-ओहोटीची वेळ पाहून सुटतात. बंदोबस्त चांगला आहे. पण एवढी पाखरे त्या खाडीत का जमली? महानगराचे सांडपाणी खाडीत उतरते, त्यावर शेवाळ माजते, त्यावर पाखरू जगते, असे जाणकार सांगतात. आपल्या भीमेची तीच कथा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची घाण मुळा-मुठेतून येते, आपल्याच तालुक्यात रांजणगाव सांडसजवळ भीमेत पडते आणि दौंडवरून उजनीत जाते. त्या पाण्यावर आपली गुरे, त्याच पाण्यावर सोलापूरची तहान. शहराने घाण सोडायची, तीवर वाढलेले शेवाळ खाणारे पाखरू बघायला शहरानेच यायचे आणि जाताना गावाला म्हणायचे, निसर्ग जपा हो! पाहुण्यांना नावेत बसवून हेही सांगावे. दुर्बिणीतून पाखरू दिसते, तसे नाक उघडे ठेवले की नदीही कळते.

पण पाखरांच्या नावाने शेतकऱ्याला सगळ्यांत जास्त भीती बसली ती माळढोकमुळे. तरुणांना ही हकिगत ठाऊक नसेल. घोडनदी ओलांडली की श्रीगोंदा. तो तालुका, त्याच्या पुढचे कर्जत, नेवासे, सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, असा मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचा मुलूख १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावे होती, बाजार होते, तुमच्या-आमच्यासारख्यांची सातबाऱ्यावरची जमीन होती. माळढोकाला माळ लागतो, गवत लागते, ज्वारी-तुरीचे कोरडवाहू रान चालते. ऊस चालत नाही. पण त्याच मुलखात पाणी आणायचे, कारखाने काढायचे आणि त्याच मुलखावर अभयारण्याचा शिक्का मारायचा, अशी दोन डोकी एका सरकारच्या धडावर होती. जमिनीच्या व्यवहारांना आणि उद्योगांना अडचणी आल्या, रस्ते-कालव्यांची कामे अडली. लोक वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. आणि माळढोक? नान्नजच्या माळावर एखादा दिसला तर आज वर्तमानपत्रात बातमी येते. शेतकरी तीस वर्षे अडकला, पाखरूही वाचले नाही. ज्याच्या रानात पाखरू राहते त्याला वैरी करून पाखरू वाचत नाही, हे कळायला एवढी किंमत मोजावी लागली.

यात आपल्याला एक अडचण कबूल केली पाहिजे. आपल्यातलेही काही जण फासे लावतात, दाण्याला विष चोळून टाकतात, पाण्यात गावठी स्फोटके टाकून मासे मारतात. सरकारला बोल लावताना हे झाकून ठेवले तर आपले बोलणे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

आता धंद्याचे गणित मांडू. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, कोणा गावचे नाहीत. समजा एका काठावर दहा नावा आहेत. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, पण गिऱ्हाईक शनिवार-रविवारी, म्हणजे खरे दिवस चाळीस. दिवसाला तीन फेऱ्या, म्हणजे एका नावेच्या १२० फेऱ्या. फेरीला हजार रुपये धरले तर १ लाख २० हजार. डिझेल, डागडुजी, दुसऱ्या माणसाची मजुरी जाता साठ हजार हातात राहिले. कोरडवाहू घराला पाच महिन्यांत साठ हजार म्हणजे थोडके नाहीत. हे बघून पुढच्या वर्षी आणखी वीस जण कर्ज काढून नावा आणतात. गिऱ्हाईक तेवढेच राहिले तर आता एका नावेला ४० फेऱ्या, ४० हजार रुपये, आणि कर्जाचा हप्ता वेगळा. मग नावाडी काय करतो? गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायला तो पाखराच्या जास्त जवळ नाव घालतो, थवा उडवून दाखवतो, कारण फोटो उडत्या थव्याचा चांगला येतो. एकदा उडाले, दोनदा उडाले, तिसऱ्या वेळी थवा तो काठ सोडतो. पाखरू गेले की तीसही नावा काठाला. कांद्याचे आपण हेच करतो. एका वर्षी भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळे कांदाच लावतात. फरक इतकाच की कांद्याची दुसरी लागण करता येते.

म्हणून नावा किती, कोणाच्या आणि पाखरापासून किती लांब, हे पहिल्या वर्षीच ग्रामसभेत ठरले पाहिजे. पाण्याची बारी आपण पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो. तशीच नावांची बारी लावता येईल. ज्याची पाळी त्याची फेरी, गिऱ्हाईक कोणी ओढायचे नाही, दर सगळ्यांचा एक. फेरीमागे काही रक्कम गावच्या पेटीत. त्या पेटीतून पहिला खर्च संडासाचा आणि कचऱ्याचा. आम्ही पाहिलेल्या एका काठावर पाहुण्यांनी बाटल्या आणि ताटल्या टाकल्या होत्या आणि गावच्या शेळ्या त्या चघळत होत्या. दुसरा खर्च, ज्याच्या रानात पाखरांनी नुकसान केले त्याच्या भरपाईचा. हे आजवर कोणी केलेले आम्हाला ठाऊक नाही, पण ज्याचे कणीस गेले त्याला पेटीतून दोन पायल्या ज्वारी मिळाली तर त्याचा गोफणीचा हात जरा सैल पडेल.

गाळपेरीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो आपल्याच घरचा आहे. धरणाचे पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर आपले लोक पेरा करतात. पाटबंधारे खाते वर्षाच्या करारावर ती जमीन देते. पाखराला हवा असतो तोही तोच उघडा गाळ. मग तिथे हरभरा पेरायचा की रोहित उभा राहू द्यायचा? भूमिहीनाच्या आणि धरणग्रस्ताच्या तोंडचा घास काढून पाखरांना देणारी योजना आम्हाला मान्य नाही. पण सगळा काठ एकसारखा नसतो. काही ठिकाणी चिखल इतका खोल की बैल उतरत नाही. ती जागा पाखरांची. जिथे रान लवकर घट्ट होते ती पेऱ्याची. ही विभागणी काठावरचा माणूस एका फेरफटक्यात करून देईल. मंत्रालयातल्या नकाशावर ती दिसणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्राचे नियम सिंचनासाठी आणि पिण्यासाठी बांधलेल्या जलाशयांना लागू नाहीत. म्हणजे धरणाचे पाणी आधी पिकाचे आणि पिण्याचे. घोडचा डावा कालवा श्रीगोंद्याला, उजवा आपल्याकडे. आवर्तन कधी सुटणार यावर गाळ कधी उघडा पडणार हे ठरते. पाखरांसाठी आवर्तन लांबवा असे उद्या कोणी म्हटले, तर ते आपण ऐकणार नाही, हे आजच सांगून ठेवू. आणि पाऊस जास्त झाला, धरण फेब्रुवारीपर्यंत भरलेले राहिले, तर त्या वर्षी पाखरे उशिरा येतील. म्हणून यासाठी कर्ज काढू नका. आम्ही हे तीनदा सांगू.

आता जिवाची गोष्ट. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी नाव उजनीत वादळाने उलटली. सहा माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. ती पर्यटकांची नाव नव्हती. पूल नसल्याने ज्या लोकांना पाण्यातूनच जावे लागते त्यांची रोजची नाव होती. पण पाणी पाहुणा आणि गावकरी असा भेद करत नाही. अंगावर तरंगजाकीट घातल्याशिवाय नाव काठ सोडणार नाही, ढग दाटले की फेरी बंद, नावेचा आणि माणसांचा विमा, हे नियम कोणी साहेब येऊन तपासेल म्हणून पाळायचे नाहीत. एक अपघात झाला तर माणसे जातील आणि धंदाही त्याच दिवशी संपेल. खाली जाळे गळ्यात पडलेल्या माणसाला पोहता येऊनही उपयोग नसतो, हे भोई बांधवांना विचारा.

कापूसवाले भाऊ म्हणतील, आमच्याकडे ना धरण ना खाडी, आमचे काय? खरे आहे. कपाशी बघायला कोणी तिकीट काढत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये जाहीर झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवून परदेशी गाठींना दार उघडले. हा घाव शंभर रोहित पक्षी आले तरी भरून निघणार नाही. म्हणूनच सांगतो, पर्यटन हा जोडधंदा आहे. ‘शेती परवडत नसेल तर पर्यटन करा’ असे जो सांगेल, त्याला विचारा की भावाचे काय केलेस. ज्वारीवाल्याला मात्र थोडी वाट आहे. २०२५-२६ च्या हंगामाला मालदांडीची आधारभूत किंमत ३,७४९ रुपये क्विंटल होती, म्हणजे किलोला साडेसदतीस. तीच ज्वारी हुरड्यात असताना आगटीवर भाजून, चटणी-गूळ लावून पाहुण्याच्या हातावर ठेवली तर तिचा भाव कितीतरी पट होतो. हे नगर रस्त्यावरच्या आपल्याच लोकांनी आणि मोराची चिंचोलीने दाखवून दिले आहे. हुरड्याचा आणि पाखरांचा हंगामही एकच. सकाळी पाण्यावर, दुपारी फडात, असे बसवता येईल. त्यात घरच्या बाईचे राबणे दुप्पट होते, तर पैशाची पेटीही तिच्याच हातात हवी. वेंगुर्ल्याच्या बायांकडून शिकायचे ते हेच.

राहिली जमीन. पर्यटनाचा गाजावाजा झाला की आधी पाखरे येत नाहीत, आधी दलाल येतात. फुगवट्याच्या कडेचे मुरमाड रान आज कोणी फुकट घेत नाही; नकाशा प्रसिद्ध झाला की त्याला ‘पाण्याच्या दर्शनाचा’ भाव येतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे, तो आम्ही कोणाचा काढत नाही. पण विकायच्या आधी नकाशा बघा, आणि निदान तीन वर्षे भाडेपट्ट्याचा विचार करा. विकलेल्या रानावर उभ्या राहिलेल्या हॉटेलात आपल्या पोराला वाढपी म्हणून ठेवतील. भिगवणच्या त्या दुर्बीणवाल्या पोराची आणि या वाढप्याची तुलना तुम्हीच करा.

पुढच्या बैठकीपर्यंत दोन कामे करायची आहेत. चिंचणी, शिंदोडी, गुनाट आणि निमोण्याच्या लोकांनी घोडच्या काठाने चालत जाऊन कुठे पाखरे बसतात, कुठे गाळपेर आहे, कुठे वाळूचा उपसा चालतो, हे एका कागदावर लिहून आणावे. चार ओळी असल्या तरी चालतील. गाळपेरीचे करारपत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याची प्रत बरोबर ठेवावी. आणि जाळे टाकणाऱ्या घरांना या बैठकीला बोलावलेच पाहिजे. आज ते इथे नाहीत, ही चूक आमची आहे.